आबा टिपरे सगळ्यांना आठवतात, पण त्यांची डायरी लिहिणारा लेखक किती जणांना माहितीये?

'झपाटलेला'मधला तात्या विंचू. 'चौकट राजा'मधला नंदू. 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजी. आणि टीव्हीवरचे आबा टिपरे.

ही चार नावं घेतली की कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं, दिलीप प्रभावळकर. एकाच माणसाने खुनी बाहुलाही केला आणि बापूही केले, याचं कौतुक आजवर भरपूर झालंय. पण या चारांतले आबा टिपरे जरा वेगळे आहेत. बाकीच्या तीन भूमिका दुसऱ्यांनी लिहिल्या आणि प्रभावळकरांनी केल्या. टिपरे मात्र टीव्हीवर यायच्या आधीच कागदावर तयार होते, आणि तो कागद होता खुद्द प्रभावळकरांचा.

अभिनेता म्हणून त्यांना सगळा महाराष्ट्र ओळखतो. लेखक म्हणून त्यांची ओळख त्यामानाने मागेच राहिली. मराठी टीव्हीवरचा घरगुती विनोद कसा घडला हे समजून घ्यायचं असेल, तर त्यांची लेखकाची बाजू बघावीच लागते.

नोकरी, बालनाट्य आणि चेटकीण

दिलीप प्रभावळकर यांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा. गाव मुंबई. शिक्षण विज्ञानाचं, आणि नोकरी औषध कंपनीत. थोडक्यात, घरच्यांना काळजी वाटू नये असं सगळं सुरळीत चाललं होतं.

पण नोकरी सांभाळून नाटकही सुरू होतं. रत्नाकर मतकरी तेव्हा मुलांसाठी नाटकं लिहीत होते आणि बसवत होते. त्यांच्या 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण प्रभावळकरांनी केली. आजच्या पिढीला या नाटकाची चेटकीण म्हटलं की वैभव मांगले आठवतात, पण ही भूमिका आधी गाजवली ती प्रभावळकरांनी. मतकरींच्याच 'आरण्यक'मध्ये ते विदुर झाले. २०१८ साली हे नाटक पुन्हा रंगमंचावर आलं, तेव्हा वयाची सत्तरी ओलांडलेल्या प्रभावळकरांनी तोच विदुर परत उभा केला.

लहान मुलांसमोर नाटक करणं ही मोठी शाळा असते. मोठी माणसं कंटाळली तरी शिष्टाचार म्हणून बसून राहतात, मुलं तसं करत नाहीत. गंमत पोहोचली नाही की ती खुर्चीवरून उतरून पळायला लागतात. विनोद कुठे पोहोचतो आणि कुठे पडतो याचा हिशोब तिथे रोखीने मिळतो.

१९७७ : टीव्हीवर चिमणराव आले

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. चित्र कृष्णधवल, चॅनल एकच, आणि ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी अख्खी चाळ. अशा काळात, १९७७ च्या सुमारास, 'चिमणराव' ही मालिका आली. प्रभावळकर झाले चिमणराव आणि बाळ कर्वे झाले गुंड्याभाऊ. मालिकेमागे दूरदर्शनच्या विजया जोगळेकर-धुमाळे होत्या. पुढे १९७९ साली 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा सिनेमाही आला. प्रभावळकर तेव्हा तेहतीस-चौतिशीत होते आणि या मालिकेने त्यांना घराघरात नेलं.

आता मुद्दा असा की चिमणराव हे पात्र टीव्हीने जन्माला घातलं नव्हतं. ते होतं चिं. वि. जोशी यांचं.

चिं. वि. जोशी (१८९२ ते १९६३) हे बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक. बौद्ध वाङ्मयाचा अभ्यास हा त्यांचा गंभीर उद्योग, आणि 'चिमणरावाचे चऱ्हाट' हा दुसरा. भित्रा, किरकोळ अंगकाठीचा, सरळमार्गी चिमणराव आणि त्याचा दणकट मावसभाऊ गुंड्याभाऊ ही जोडी वाचकांनी अशी उचलून धरली की 'लग्न पहावं करून' (१९४०) आणि 'सरकारी पाहुणे' (१९४२) या सिनेमांतून ती पडद्यावरही आली. टीव्हीवर चिमणराव आले तेव्हा जोशींना जाऊन चौदा वर्षं झाली होती.

जोशींच्या विनोदाची एक खुबी आहे. गोष्ट सांगतो स्वतः चिमणराव, आणि फजितीही त्याचीच होते. सांगणारा शहाणा आणि बाकीचे मूर्ख, असा मामला तिथे नाही. तो दुसऱ्याला हसायला जातो आणि सापडतो स्वतःच. वाचणाऱ्याला कळतं की अरे, हा आपल्यातलाच आहे.

ही खुबी लक्षात ठेवा, कारण वीस-पंचवीस वर्षांनी ती टिपरेंच्या घरात पुन्हा भेटणार आहे.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९७७ साली मुंबई दूरदर्शन दिसायचं ते मुंबई-पुण्याच्या बाजूला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडच्या घरांत तेव्हा टीव्ही नव्हताच. चिमणराव अख्ख्या महाराष्ट्राने पाहिला असं आपण सहज म्हणतो, पण पूर्व विदर्भातल्या वाचकाचा चिमणराव बराच काळ पुस्तकातलाच होता. मग त्या भागात लोक हसायचे कशावर? त्याकडे पुढे येऊ.

लिहिणारे प्रभावळकर : रेडिओवरचा बोक्या

प्रभावळकरांच्या लेखनातलं सगळ्यात लाडकं पोर म्हणजे 'बोक्या सातबंडे'. तो आधी आला आकाशवाणीवर, मुलांच्या कार्यक्रमात. नंतर त्याची पुस्तकं झाली, एकामागून एक भाग निघाले, आणि २००९ साली राज पेंडुरकर यांच्या दिग्दर्शनात सिनेमाही आला.

बोक्या उचापत्या करतो, पण त्या कुणाला तरी मदत करण्यासाठी. त्याच्या गोष्टीत तात्पर्य असतं, पण ते फळ्यावर लिहून दाखवलेलं नसतं.

आणि रेडिओसाठी लिहिताना लेखकाला एक गोष्ट शिकावीच लागते. चेहरा दिसत नाही, घसरून पडणं दिसत नाही, टोपी उडणं दिसत नाही. जे काही हसवायचं ते वाक्यातून आणि बोलण्याच्या लकबीतून. पात्र तोंड उघडताक्षणी ओळखू आलं पाहिजे. पुढे टिपरेंच्या घरातली पाच माणसं पाच तऱ्हेने बोलतात, त्याची तयारी अशा लेखनात झालेली दिसते.

याशिवाय 'गुगली', 'हसगत', 'कागदी बाण' अशी विनोदी लेखांची पुस्तकं आली. बऱ्याच लोकांनी ती वाचली आणि तरी हे लेखक तेच तात्या विंचू, हे लक्षात यायला त्यांना वेळ लागला.

'हसवाफसवी' : स्वतःसाठी लिहिलेल्या सहा भूमिका

नव्वदीच्या सुरुवातीला रंगमंचावर आलं 'हसवाफसवी'. लेखक प्रभावळकर, दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, आणि एकाच नाटकात सहा भूमिका करणारे पुन्हा प्रभावळकरच.

वेषांतराची करामत म्हणून नाटक गाजलं, पण लेखक म्हणून त्यांनी काय केलं ते बघा. सहा भूमिकांतली शेवटची आहे कृष्णराव हेरंबकर या म्हाताऱ्या गायक नटाची. आधी प्रेक्षकांना पोट धरून हसवायचं आणि शेवटी हा थकलेला कलावंत समोर आणायचा. हसत असलेलं थिएटर हळूहळू शांत होत जातं. नावातच दोन्ही गोष्टी आहेत, हसवणं आणि फसवणं.

पुढे पुष्कर श्रोत्री यांनी याच सहा भूमिका करत हे नाटक पुन्हा आणलं. एका नटाने स्वतःच्या मापाने शिवलेलं नाटक दुसऱ्या नटाच्या अंगाला बसलं, याचा अर्थ करामत फक्त नटाची नव्हती. मजकुरात दम होता.

'अनुदिनी' : पेपरातली डायरी

यानंतरचा टप्पा टिपरेंचा. 'लोकसत्ता'मध्ये प्रभावळकरांनी 'अनुदिनी' नावाचं सदर लिहिलं. अनुदिनी म्हणजे रोजच्या रोज. शब्द जुना, संतवाङ्मयातला. पुढे इंटरनेट आलं तेव्हा मराठी ब्लॉगवाल्यांनी ब्लॉगला हाच प्रतिशब्द वापरायला सुरुवात केली.

सदर होतं एका निवृत्त गृहस्थाच्या डायरीचं. नाव श्रीयुत गंगाधर टिपरे. घरात मुलगा शेखर, सून श्यामला, नात शलाका आणि नातू शिऱ्या. मध्यमवर्गीय मराठी घर. त्या घरात जे घडतं ते आबा लिहून ठेवतात, बस्स.

याच डायरीवरून २००१ साली अल्फा टीव्ही मराठीवर मालिका आली, 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. दिग्दर्शक केदार शिंदे. आबा स्वतः प्रभावळकर, शेखर झाले राजन भिसे, श्यामला झाल्या शुभांगी गोखले, शलाका झाली रेश्मा नाईक आणि शिऱ्या झाला विकास कदम. प्रभावळकर तेव्हा ५७ वर्षांचे होते आणि आजोबा करत होते.

त्या काळात टीव्हीवर काय चाललं होतं ते आठवून बघा. हिंदीत 'क्योंकि सास भी कभी बहू थी' २००० साली सुरू झाली होती आणि रोज रात्री घराघरात कारस्थानं शिजत होती. मराठीतही १९९९ च्या 'आभाळमाया'पासून दैनंदिन मालिकांनी जम बसवला होता. अशा वेळी एक मालिका येते जिच्यात खलनायक नाही, खलनायिका नाही, कुणी कुणाच्या दुधात काही मिसळत नाही. सासरा आणि सून एकाच घरात सुखाने राहतात. आणि तरी लोक आठवडाभर पुढच्या भागाची वाट बघतात.

डायरीतून टीव्हीवर जाताना नेमकं काय करावं लागतं?

हा प्रश्न लेखनाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा.

डायरीत एकच आवाज असतो. आबा लिहितात की आज शिऱ्याने असं केलं. वाचकाला शिऱ्या दिसतो तो आबांच्या चष्म्यातून. टीव्हीवर मात्र शिऱ्या समोर उभा राहतो आणि स्वतःच्या तोंडाने बोलतो. म्हणजे आबांच्या एका वाक्याचा चार माणसांचा प्रसंग करावा लागतो, आणि त्यात प्रत्येकाला स्वतःची बाजू द्यावी लागते.

दुसरी अडचण मजकुराची. पेपरातलं सदर दोन-पाच मिनिटांत वाचून होतं. मालिकेच्या एका भागाला त्याच्या कितीतरी पट प्रसंग लागतात, आणि मालिका काही वर्षं चालली तर सदरातला साठा कधीच संपतो. मग हातात उरतात ती फक्त माणसं. माणसं पक्की असतील तरच नवे प्रसंग सुचतात. शेखर या प्रसंगात काय बोलेल, श्यामला कधी चिडेल, हे लिहिणाऱ्याला आणि बघणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असलं पाहिजे.

तिसरी गोष्ट म्हणजे डायरीच. मालिकेने ती टाकून दिली नाही. घरात जे व्हायचं ते होतं आणि आबा ते आपल्या शब्दांत डायरीत उतरवतात. त्यामुळे प्रेक्षकाकडे एकाच प्रसंगाच्या दोन प्रती येतात, एक घडलेली आणि एक लिहिलेली. दोन्हींत जो थोडासा फरक पडतो, तिथे हसू येतं. कधी आबा स्वतःची फजिती सौम्य करून लिहितात, कधी नातवंडांच्या चुकीवर पांघरूण घालतात.

आता मघाचा चिमणराव आठवा. गोष्ट सांगणाराच गोष्टीतला फजित माणूस. चिं. वि. जोशींचं पात्र जगलेल्या नटाने पुढे स्वतः लेखणी घेतली तेव्हा हाच धागा हातात धरला. फरक वयाचा आणि काळाचा. चिमणराव धांदरट कुटुंबप्रमुख होता, टिपरे घरातलं एक पाऊल मागे गेलेले आजोबा आहेत. घर चालवायची जबाबदारी आता मुलाची. आबांकडे वेळ आहे, अनुभव आहे, पण शेवटचा शब्द त्यांचा नाही. निवृत्त माणसाच्या घरातल्या जागेचा हा प्रश्न किती नाजूक असतो ते ज्यांच्या घरात आजोबा आहेत त्यांना सांगायला नको. तो भाषण न देता हाताळला, म्हणून आजोबांनाही मालिका आवडली आणि नातवंडांनाही.

झाडीपट्टीचा विनोद आणि टीव्हीचा विनोद

आता वळूया भंडाऱ्याकडे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. धानाची शेती, घनदाट झाडी आणि रात्रभर चालणारं नाटक. दिवाळी झाली, धान घरात यायला लागलं की गावोगाव मंडई भरते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या बाजूच्या गावांत थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत नाटक बघणारी माणसं आजही आहेत. बहुतेक कंपन्या गडचिरोलीतल्या वडसा म्हणजे देसाईगंजच्या. त्याआधीची परंपरा दंडार आणि खडी गंमत यांची.

या नाटकात विनोदी नटाचं वजन मोठं. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना त्यांचे चाहते विदर्भाचे दादा कोंडके म्हणतात. त्यांच्या नावावर पाच हजारांहून जास्त प्रयोग सांगितले जातात आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. चिमणराव ज्या भागात दिसत नव्हता त्या भागाचं हसू अशा नटांनी सांभाळलं.

इथला विनोद आणि टीव्हीचा विनोद यांच्या लेखनात मोठा फरक आहे. झाडीपट्टीत प्रेक्षक समोर बसलेला असतो. गाव बदललं की नट त्या गावचा संदर्भ घालतो, एखादं वाक्य पडलं तर पुढचं तिथेच फिरवतो. लिहिलेली संहिता हा सांगाडा, मांस रोज रात्री चढतं. टीव्हीच्या लेखकाला ही सोय नाही. त्याने लिहिलेलं वाक्य चित्रित झालं की गोठलं. ते मुंबईच्या फ्लॅटमध्येही चालायला हवं आणि पवनीच्या वाड्यातही. प्रेक्षकाचं हसू त्याला ऐकूच येत नाही. म्हणून त्याला गावाचे, नेत्यांचे, ताज्या बातम्यांचे आयते संदर्भ सोडून माणसाच्या स्वभावावर भिस्त ठेवावी लागते.

केबल गावोगाव पोहोचली आणि टिपरे पूर्व विदर्भातही दिसू लागले. मुंबईतलं घर, मुंबईची भाषा, तरी तिकडच्या माणसांनाही ते परकं वाटलं नाही, कारण विनोद मुंबईवर नव्हताच. तो बाप, मुलगा, सून आणि नातवंडं यांच्यावर होता, आणि ती सगळीकडे सारखीच. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. झाडीबोलीतलं असं एखादं घर टीव्हीवर आठवड्याच्या आठवड्याला यावं, ही संधी तिकडच्या लेखकांना मराठी टीव्हीने क्वचितच दिली.

टिपरेंनंतर

२००६ सालच्या 'लगे रहो मुन्नाभाई' आणि 'शेवरी' या सिनेमांसाठी प्रभावळकरांना सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लिहिणं मात्र थांबलं नाही. 'चूकभूल द्यावी घ्यावी' हे नाटक त्यांचं. त्याच नावाची मालिका २०१७ साली झी मराठीवर आली आणि तिच्यात सुकन्या कुलकर्णी-मोने यांच्यासोबत ते स्वतः होते. 'पत्रापत्री' हे पुस्तक तर दोन मित्रांच्या पत्रांचं. तात्यासाहेब आणि माधवराव एकमेकांना पत्रं लिहितात आणि जगावर टिप्पणी करतात. पुढे तेही रंगमंचावर आलं. स्वतःच्या भूमिकांविषयी त्यांनी 'एका खेळियाने' हे पुस्तक लिहिलंय.

डायरी, पत्रं, स्वतःच्या भूमिकांचा हिशोब. लक्षात येतंय? कुणीतरी 'मी' म्हणून बोलतोय आणि स्वतःकडेही जरा लांबून बघतोय, ही पद्धत त्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा दिसते.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये 'दशावतार' आला. सुबोध खानोलकर यांच्या या सिनेमात प्रभावळकर झाले बाबुली मेस्त्री, कोकणातला म्हातारा दशावतारी कलावंत. वय ८१.

मग लेखकाचं नाव मागे का राहतं?

यात प्रभावळकर एकटे नाहीत. टीव्हीच्या विनोदाचा नियमच असा आहे. चेहरा दर आठवड्याला दिसतो, लेखकाचं नाव दोन सेकंद सरकून जातं. त्यात विनोदी लेखन म्हणजे हलकंफुलकं, म्हणजे सोपं, असा आपल्याकडे जुना समज. चिं. वि. जोशी पालीचे पंडित होते हे आज वेगळं सांगावं लागतं, आणि चिमणराव हे नाव माहीत असलेल्या कित्येकांना त्याचा लेखक सांगता येत नाही.

प्रभावळकरांच्या बाबतीत तर गंमत आणखी वाढते, कारण लेखकाला झाकणारा नट तेच. आबा टिपरे इतके खरे वाटले की लोकांनी डायरी आबांचीच समजली. लेखकासाठी याहून मोठी पावती नाही आणि याहून मोठं नुकसानही नाही.

आता मोबाईलवर तर ती दोन सेकंदंही गेली. जुन्या मालिकेतला तुकडा कापला जातो, वर हसण्याची इमोजी येते, आणि लेखकाचं नाव कुठेच नसतं. टिपरेंच्या घरातला एखादा प्रसंग तुमच्यासमोर आला तर तो पुढे पाठवताना एवढं एक वाक्य जोडता येईल, लेखन : दिलीप प्रभावळकर यांच्या 'अनुदिनी'वरून. आणि पुस्तक अजून मिळतं का ते ग्रंथालयात विचारून बघा. टीव्हीवरचे आबा आठवत ते वाचायला घेतलं, तर थोड्या पानांनंतर नट मागे पडतो आणि लेखक ऐकू यायला लागतो.